हजेरीपट कोणाच्या हाती?

बांधकाम व्यवसायातील मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी कोठेही एकत्र जमले तरी एका तक्रारीवर त्यांचे एकमत होते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत आणि टिकले तरी पूर्वीसारखे काम करीत नाहीत, ही ती तक्रार. अलीकडे तिला शास्त्रीय परिभाषेची जोड मिळाली आहे. दर मजुरामागे दिवसाचे उत्पादन, प्रत्येक कामाच्या खर्चाची दैनंदिन नोंद, अंदाज आणि प्रत्यक्ष यांतील तफावत, असे शब्द आता बांधकामावरील पत्र्याच्या कार्यालयातही ऐकू येतात. हजेरी घेण्यासाठी अंगठ्याचे आणि चेहऱ्याचे यंत्र आले आहे. दिवसभराचा हिशेब संध्याकाळी साहेबांच्या मोबाईलवर उमटतो.

आपल्या कार्यकर्त्यांची या साऱ्याकडे पाहण्याची रीत ठरून गेलेली आहे. उत्पादकता हा मालकाचा शब्द; तो उच्चारला गेला की कमी पैशात अधिक काम करून घेण्याचा बेत शिजत असला पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत अनुभवातून आलेले आहे, म्हणून त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की हिशेबाचे सारे क्षेत्र आपण मालकाला आंदण देऊन टाकले. आम्हांला येथे नेमके उलट म्हणावयाचे आहे. बांधकाम कंपनी तरते की बुडते, हे पुष्कळ अंशी ती श्रमाचा आणि खर्चाचा हिशेब किती खरा ठेवते यावर अवलंबून असते. आणि हा हिशेब खरा ठेवला गेला, तर त्यातून सर्वांत आधी मजुराचीच बाजू उजेडात येते. म्हणून हा हिशेब मागणे हे चळवळीचे काम आहे.

एका भिंतीचा हिशेब

प्रथम हा प्रश्न व्यवहारात तपासून पाहू. अंदाजपत्रके शिकविणाऱ्या पाठ्यपुस्तकांत एका गवंड्याचे दिवसाचे वीटकाम साधारण एक घनमीटर, म्हणजे सुमारे पाचशे विटांचे धरलेले असते. कोणत्या कामाला किती माणसांचे किती दिवस लागावेत, याची कोष्टके भारतीय मानक संस्थेने १९७४ मध्येच काढण्यास आरंभ केला होता. तेव्हा मोजमापाचे शास्त्र आपल्याकडे नवे नाही. मोजावयाचे काय आणि कोणासाठी, हा खरा प्रश्न आहे.

समजा, एका इमारतीवर दहा गवंडी आणि पंधरा बिगारी आहेत. गवंड्याची मजुरी दिवसाला ९०० रुपये आणि बिगाऱ्याची ६०० रुपये धरली, तर दिवसाची एकूण मजुरी १८,००० रुपये होते. दिवसभरात दहा घनमीटर वीटकाम झाले, तर दर घनमीटरमागे मजुरीचा खर्च १,८०० रुपये पडतो. आता असे समजा की सकाळी सिमेंटची गाडी आली नाही आणि आठ तासांपैकी तीन तास सारी माणसे हात बांधून बसून राहिली. उरलेल्या पाच तासांत त्यांनी नेहमीच्याच वेगाने काम केले, तरी वीटकाम सव्वासहा घनमीटरच होईल. मजुरी तीच राहिली असल्याने दर घनमीटरचा खर्च २,८८० रुपयांवर जातो. संध्याकाळच्या तक्त्यात एवढेच दिसते की मजुरीचा खर्च साठ टक्क्यांनी वाढला आणि मजुरांची उत्पादकता घसरली. एकाही गवंड्याचा हात त्या दिवशी संथ चाललेला नाही, ही गोष्ट तक्त्यात कोठेच नसते. गाडी का आली नाही, हेही नसते. पुरवठादाराचे मागील बिल थकले म्हणून ती आली नसेल, मागणीच उशिरा नोंदविली गेली असेल, किंवा वरच्या कार्यालयात एक सही अडकली असेल.

या आजारावर व्यवस्थापकाला सुचणारा उपाय म्हणजे मजुरी कापणे. वरच्याच उदाहरणात मजुरी दहा टक्क्यांनी कापली, तर पूर्ण कामाच्या दिवशी दर घनमीटरमागे १८० रुपये वाचतील. तीन तासांच्या खोळंब्याने मात्र दर घनमीटरमागे १,०८० रुपये गेले. वाचविलेल्या रकमेच्या सहापट रक्कम एका न आलेल्या गाडीने नेली. ज्या कंपनीला हा फरक दिसत नाही ती मजुराच्या भाकरीतून चतकोर तोडत राहते आणि आपले कोठार मात्र सताड उघडे ठेवते.

व्यवहारात यापेक्षाही वाईट घडते. अशा दिवशी मुकादम अर्धी हजेरी लावतो किंवा सरळ खाडा मांडतो. काम उक्ते दिलेले असेल, तर प्रश्नच उरत नाही. जेवढे मोजले जाईल तेवढेच पैसे, खोळंब्याचा सारा भार मजुराच्या डोक्यावर. मालकाला वाटते, आपण नुकसान वाचविले. वस्तुतः त्याने नुकसानाची नोंद पुसून टाकली. खोळंब्याची किंमत वहीत चढलीच नाही, तेव्हा खोळंबा का झाला हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही आणि पुढील आठवड्यात गाडी पुन्हा उशिरा येते. मजुराच्या हिश्शाचे पैसे बुडविले की व्यवस्थापनाचा गलथानपणा झाकला जातो. पण लांबलेल्या प्रत्येक महिन्याचे कर्जावरील व्याज, भाड्याने आणलेल्या यंत्रांचे भाडे आणि मुदत टळल्याचा दंड, ही सारी रक्कम कंपनीच्या ताळेबंदात शेवटी उतरतेच. तेव्हा तिचे कारण शोधण्याची वेळ टळून गेलेली असते.

आळस नव्हे, अव्यवस्था

भारतीय मजूर अशिक्षित व आळशी, म्हणून आपल्याकडे ही अवस्था आहे, असे सांगणाऱ्यांनी जगाकडे पाहावे. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार आधीच्या दोन दशकांत जगातील बांधकाम क्षेत्राची श्रम-उत्पादकता वर्षाला सरासरी एक टक्क्याने वाढली. याच काळात जगाच्या एकूण अर्थव्यवस्थेची वाढ २.८ टक्के आणि कारखानदारीची ३.६ टक्के होती. अमेरिकेत तर या क्षेत्राची उत्पादकता १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत वाढण्याऐवजी घटली, असे तेथील अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. तेथे यंत्रांची वाण नाही आणि कारागीर अप्रशिक्षित नाही. तेव्हा दोष माणसाच्या हातात आहे, हे निदान टिकत नाही.

दोष कोठे असतो, हे शंभर वर्षांपूर्वीच एका गवंड्याने दाखविले होते. फ्रँक गिलब्रेथ हा अमेरिकन कंत्राटदार स्वतः वीटकाम शिकून पुढे आलेला होता. वीट लावताना गवंडी किती हालचाली करतो, याचे त्याने बारकाईने निरीक्षण केले. गवंडी दर विटेसाठी जमिनीपर्यंत वाकतो आणि एका विटेचे वजन उचलण्यासाठी स्वतःच्या साऱ्या देहाचे वजन उचलतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने भिंतीबरोबर वर चढविता येईल अशी परांची केली, विटा आणि चुना हाताच्या उंचीवर ठेवले, आणि विटा निवडून रचून देण्याचे काम मदतनिसाकडे सोपविले. फ्रेडरिक टेलर याने १९११ च्या आपल्या ग्रंथात याचे वर्णन केले आहे. एका विटेमागील अठरा हालचाली पाचांवर आल्या आणि तासाला १२० विटांच्या जागी ३५० विटा लागू लागल्या. गवंडी तोच, हातही तेच. बदलली ती व्यवस्था.

टेलरच्या पंथाविषयी आमच्या मनात भक्तिभाव नाही. घड्याळ एकट्या मालकाच्या हातात राहिले आणि वाढलेल्या उत्पादनाची वाटणी त्यानेच ठरविली, म्हणून त्या शास्त्राविरुद्ध कामगार चळवळ उभी राहिली, आणि ती रास्तच होती. परंतु गिलब्रेथच्या परांचीतील धडा चळवळीने टाकून देऊ नये. उत्पादकता ही गवंड्याच्या कष्टापेक्षा त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेची परीक्षा असते. आपल्याकडे तर ही गोष्ट आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. मोजमाप होते ते गवंड्याच्या भिंतीचे. घमेले वाहणारी, वाळू चाळणारी, विटा भिजविणारी आणि पाणी मारणारी स्त्री त्या मोजमापात कोठेच नसते. तिच्यावाचून भिंतीची एकही रांग उभी राहत नाही. तरी ती बिगारी म्हणून येते आणि बिगारी म्हणूनच म्हातारी होते. थापी आणि ओळंबा तिच्या हातात क्वचितच दिला जातो. कामावर पाळणाघर नसले, तर मुलाला वाळूच्या ढिगाआड निजवून तिला दहा वेळा खाली-वर करावे लागते. त्या चकरांचा हिशेब कोणत्या कंपनीने ठेवला आहे?

नऊ रुपये पंचवीस पैसे

हिशेब खोटा कसा होतो, याचे आपल्या देशातील सर्वांत बोलके उदाहरण १९८२ चे आहे. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी क्रीडागारे, उड्डाणपूल आणि वसतिस्थाने उभी राहत होती. देशाच्या निरनिराळ्या भागांतून जमादारांनी आणलेले हजारो मजूर तेथे राबत होते. लोकशाही हक्कांसाठी झटणाऱ्या पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने त्यांची हलाखी एका पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली, आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. त्यात पुढे आलेली एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करून ठेवण्यासारखी आहे. दर मजुरामागे दिवसाला ९ रुपये २५ पैसे जमादाराच्या हाती दिले जात. त्यातील एक रुपया जमादार आपली दलाली म्हणून ठेवून घेई. मजुराच्या हातात ८ रुपये २५ पैसे पडत.

कागद पाहिले तर किमान वेतन दिले गेले होते. खर्चाची नोंद बरोबर होती, बेरीज जुळत होती आणि तपासनिसाला शेरा मारण्यास जागा नव्हती. तो रुपया वहीबाहेर होता. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करावयास लावणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारी होय, असा निर्णय न्यायमूर्ती भगवती यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात दिला. निर्णय ऐतिहासिक होताच. पण जी गोष्ट न्यायालयाला दिसली ती कंत्राटदारांच्या हिशेबनिसांना दिसू शकली नव्हती, कारण त्यांचा हिशेब जमादारापाशी संपत होता.

आजचा हिशेब तरी कोठे संपतो? मोठी कंपनी काम उपकंत्राटदाराला देते, तो मुकादमाला देतो आणि मुकादम मजूर अड्ड्यावरून माणसे उचलतो. या उतरंडीत प्रत्येक पायरीवर काही ना काही गळते. मुकादमाला माणसामागे दलाली मिळत असेल, तर हजेरीपटावर नसलेली माणसे असण्यात त्याचा लाभ असतो. काम उक्ते असेल, तर असलेली माणसे नसण्यात. पहिल्या प्रकारात कंपनी फसते, दुसऱ्यात मजूर फसतो, आणि दोन्ही प्रकारांत दर मजुरामागील उत्पादनाचा आकडा खोटा निघतो. अशा आकड्यावर पुढच्या कामाची निविदा भरली जाते. ती कमी पडते, काम तोट्यात जाते, आणि तोटा भरून काढण्यासाठी पुन्हा मजुरीला कात्री लागते. चेहरा ओळखणारे यंत्र बसविल्याने हा फेरा आपोआप सुटत नाही. फाटकातून किती माणसे आत गेली हे यंत्र सांगेल. त्यांच्या हातात किती पैसे पडले हे ते सांगणार नाही.

वरच्या मजल्यावरील खोटेपणा

खोटा हिशेब तळापासून वर जातो, तसाच वरून खालीही येतो. ब्रिटनमधील कॅरिलियन ही तेथील सर्वांत मोठ्या बांधकाम कंपन्यांपैकी एक होती. रुग्णालये, रस्ते, शाळा अशी सरकारी कामे तिच्याकडे होती आणि जगभरात तिचे सुमारे ४३,००० नोकर होते. कंत्राटे तोट्यात जात असताना, मान्यच न झालेल्या मागण्यांचे पैसे मिळणार असे धरून ती नफा दाखवीत राहिली आणि भागधारकांना लाभांश वाटीत राहिली. लहान पुरवठादारांना मात्र तिने पैशांसाठी १२० दिवसांपर्यंत ताटकळत ठेवले. जुलै २०१७ मध्ये एकाएकी ८४.५ कोटी पौंडांची घट कबूल करावी लागली. १५ जानेवारी २०१८ रोजी कंपनी अवसायनात गेली. त्या वेळी तिच्यावर सुमारे सात अब्ज पौंडांचे दायित्व होते आणि हाती रोकड केवळ २ कोटी ९० लाख पौंड. तिचे लेखे तपासणाऱ्या केपीएमजी या संस्थेला पुढे २०२३ मध्ये २ कोटी १० लाख पौंडांचा दंड झाला. लिव्हरपूलचे जे रुग्णालय ती बांधीत होती ते अखेर २०२२ मध्ये रुग्णांसाठी उघडले.

ही कंपनी गवंड्यांच्या आळसामुळे बुडाली, असे कोणी म्हटलेले नाही. संचालकांना वाईट बातमी नको होती, म्हणून ती बुडाली. कामाच्या जागेवर जे घडत होते ते वहीत येऊ दिले गेले नाही. आणि वही खोटी निघाली तेव्हा हजारो लहान पुरवठादार, कामगार आणि निवृत्तिवेतनधारक उघड्यावर आले.

आपल्याकडे हा आजार दुसऱ्या रूपाने दिसतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय कंत्राटदारांच्या संघटना थकीत देयकांसाठी रस्त्यावर उतरल्या. निवडणुकीच्या तोंडावर कामे जाहीर करावयाची, तरतूद अपुरी ठेवावयाची आणि झालेल्या कामाचे पैसे वर्षवर्ष द्यावयाचे नाहीत, ही शासनाची रीत झाली आहे. कंत्राटदारांविषयी आम्हांला विशेष कळवळा असण्याचे कारण नाही. पण शासनाने थकविलेला रुपया उतरंडीवरून घरंगळत शेवटी कोणाच्या ताटातून जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. मोठा कंत्राटदार बँकेकडे जातो आणि लहान कंत्राटदार सावकाराकडे. मजुराच्या मागे कोणीच नसते. तो गावी परततो आणि उरलेली मजुरी पुढच्या खेपेला मिळेल या आशेवर राहतो.

नव्वद दिवसांचा पुरावा

नोंद नसण्याची सर्वांत मोठी किंमत मजूर आणखी एका ठिकाणी मोजतो. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये दोन कायदे झाले. बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर गोळा करून त्यातून मजुरांच्या कल्याणाच्या योजना चालवाव्यात, अशी ती व्यवस्था होती. महाराष्ट्रात तिचे मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला असून त्यातील सुमारे ९,५०० कोटीच खर्च झाले आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात नमूद केले. पैसा होता, मजूरही होते. दोघांची गाठ पडत नव्हती.

ती न पडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे नोंदणीसाठी लागणारा, मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा पुरावा. वर्षाचे दोनशे दिवस परांचीवर काढणारा नाक्यावरचा माणूस हा पुरावा कोठून आणणार? ज्याच्याकडे त्याने काम केले त्याने त्याचे नाव कोठे लिहिलेच नाही. आणि ज्याने कधी थापी हातात धरली नाही, अशा माणसाला दलालाच्या कृपेने दाखला मिळू शकतो. हजेरीपटावरचा खोटेपणा मजुराच्या मुलांच्या शिष्यवृत्तीपर्यंत आणि त्याच्या विधवेच्या मदतीपर्यंत असा पोहोचतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि हे कायदे त्यांत विलीन झाले. उपकर राहिला आणि नव्वद दिवसांची अटही राहिली. मात्र उपकराचे मूल्यमापन आता मालकाने स्वतःच करावयाचे आहे. म्हणजे इमारतीला किती खर्च आला हे ज्याने दडवावे, त्यानेच ते सांगावयाचे. कंत्राटी मजुरांविषयीच्या तरतुदी पूर्वी वीस मजूर असलेल्या आस्थापनेपासून लागू होत; आता ती मर्यादा पन्नास झाली आहे. चाळीस-चाळीस माणसांच्या टोळ्या पाडून काम देण्याचे हे निमंत्रणच होय. तरीही वेतन संहितेत दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. मजुराला मजुरीची चिठ्ठी देण्याचे बंधन मालकावर आहे, आणि कंत्राटदाराने मजुरी बुडविली, तर ज्या आस्थापनेसाठी काम झाले तिच्यावर ती देण्याची जबाबदारी येते. संहितांना विरोध करीत असतानाच या दोन कलमांची अंमलबजावणी मागण्यात कोणताही अंतर्विरोध नाही.

आपलाच जुना धडा

हजेरीपटासाठी झगडणे आपल्या चळवळीला परके नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलाव खणणाऱ्या मजुरांमध्ये ज्यांनी काम केले त्यांना आठवेल की त्या काळातील निम्मे झगडे हजेरी आणि मोजमाप यांवरच होत. जमीन मऊ धरली की कठीण, यावर मजुरी ठरत असे. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला तरी मजुरी मोजमापावरच राहिली. त्या वर्षांत कार्यकर्ता भाषण करावयास शिकला त्याआधी टेप धरावयास शिकला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून जनसुनवाया सुरू केल्या. तेथे सरकारी कामांची बिले आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले जात. ज्यांनी कधी काम केले नाही त्यांच्या नावावर मजुरी निघालेली लोकांनी आपल्या कानांनी ऐकली. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे एक मूळ त्या हजेरीपटांत आहे. खेड्यातील मजुराने हे करून दाखविले. शहरातील बहुमजली इमारतीच्या फाटकाशी मात्र आपण थबकलो आहोत.

आणि हिशेब मजुरांच्या हाती आला, तर कंपनी चालते काय, या प्रश्नाचे उत्तरही आपल्याच देशात आहे. केरळात वडकऱ्याजवळ उराळुंगल येथे १९२५ मध्ये वाग्भटानंद या समाजसुधारकाच्या प्रेरणेने चौदा मजुरांनी एक सहकारी संस्था काढली. सुधारणेच्या चळवळीत भाग घेतला म्हणून जमीनदारांनी काम नाकारलेली ती माणसे होती. त्या संस्थेने २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. आज ती केरळातील मोठे रस्ते व पूल बांधते. तिचे सभासद मजूर संचालक निवडतात आणि संचालक कामावर हजर असतात. कोचीचा पालारिवट्टम उड्डाणपूल २०१६ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि तडे गेल्यामुळे २०१९ मध्ये बंद करावा लागला. त्याच्या पुनर्बांधणीचे काम दिल्ली मेट्रोच्या देखरेखीखाली याच संस्थेने केले. सप्टेंबर २०२० मध्ये काम सुरू झाले आणि मार्च २०२१ मध्ये, ठरलेल्या मुदतीच्या आधी, पूल पुन्हा उघडला. ज्यांना वाया गेलेल्या सिमेंटच्या गोणीची आणि फुकट गेलेल्या तासाची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते ते गोणही जपतात आणि तासही. या संस्थेतही परप्रांतीय मजूर सभासदत्वाच्या बाहेर काम करतात, हे तिचे अपुरेपण लपविण्याचे कारण नाही. पण मजुरांची संस्था म्हणजे अकार्यक्षम संस्था, हा आक्षेप तिने शंभर वर्षे खोटा पाडला आहे. आपल्या महाराष्ट्रातील अनेक मजूर सहकारी संस्थांत मजूर नावापुरता आणि कंत्राटदार कामापुरता उरला आहे. त्यांच्याकडे पाहून सहकाराविषयी निराश होण्यापूर्वी आपण उराळुंगलकडे एकदा तरी पाहावे.

आता काय करावयाचे, हे सांगून थांबतो. हजेरी दोन प्रतींत लिहिली जावी आणि एक प्रत रोज मजुराच्या हातात पडावी, ही आपली पहिली मागणी असावी. जेथे यंत्राने हजेरी होते तेथे नोंदीचा उतारा मजुराच्या मोबाईलवर यावा. खोळंब्याचे तास कारणासह लिहिले जावेत आणि त्यांची पूर्ण मजुरी मिळावी, ही दुसरी. उक्त्या कामाचे मोजमाप मजुरांच्या प्रतिनिधीसमोर व्हावे आणि त्यावर त्याची सही असावी, ही तिसरी. सरकारी कामांत देयकातील मजुरीचा हिस्सा वेगळा काढून आधी दिला जावा आणि हजेरीपट जनतेला पाहता यावा, ही चौथी. यांपैकी कोणतीही मागणी कंपनी बुडविणारी नाही. ज्या कंपनीला आपला खरा खर्च जाणून घ्यावयाचा आहे तिने ती आनंदाने मान्य करावी. जी नाकारील तिला नफा कोठून मिळतो, हे त्या नकारातूनच कळेल.

मात्र मागण्या लिहून भागत नाही. मजूर अड्ड्यावर जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने पत्रकांबरोबर कोऱ्या वह्याही न्याव्यात. रोजची तारीख, कामाची जागा, मुकादमाचे नाव, कामाचे तास, खोळंबा आणि हातात पडलेले पैसे, एवढे सहा रकाने पुरेत. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी शेजारच्याने लिहावे. नव्वद दिवसांनी ती वही एका माणसाचा पुरावा होईल, आणि शंभर वह्या एकत्र आल्या की त्या एका कंपनीचा खरा हिशेब होतील. भिंत सरळ आहे की कलली, हे ठरविण्याचा ओळंबा गवंड्याच्याच हातात असतो. हिशेब सरळ आहे की नाही, हे पाहण्याचे साधनही त्याच्याच हाती असले पाहिजे.